'अबोली'तली हवा

माझ्या नाकाची ख्याती माहेरापासूनची. शेजारच्या घरात फोडणीला हिंग जास्त पडला, तर आमच्या पडवीत बसून मला कळायचं. "हिला पोलिसात भरती करा," असं आई म्हणायची. पोलिसात काही कोणी घेतलं नाही. रत्नागिरीहून मला मालवणला तारींच्या घरात मात्र देऊन टाकलं. आणि नशिबाची गंमत बघा, नवरा मिळाला तो पुढे असा झाला, की त्याच्या नाकाखाली बांगडा जळून कोळसा झाला तरी त्याला पत्ता नाही.

जन्मजात नाही हो. करोनाच्या साली ताप आला, चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. बाकीच्यांचा परत आला, ह्यांचा वीस वर्षं झाली तरी नाही. नाव दत्ताराम, पण मी तांडेलच म्हणते. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. उमेदीची सगळी वर्षं मोठ्या जहाजांवर काढली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची शिडाची बोट घेतली. तिचं नाव 'अबोली'. अबोलीच्या फुलाला वास नसतो, म्हणून. "माका वास येणा नाय, तिका वास नाय. जोडी बरी जमली," असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर तांडेल पोट धरून हसले होते.

पर्यटकांना घेऊन दोन दिवस समुद्रात फिरवून आणायचं, हा आमचा धंदा. बोटीच्या पोटात एक केबिन. समोरासमोर दोन बाक, मधे घडीचं टेबल, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, पुढच्या टोकाला दार लावून इवलासा संडास. डोलकाठी छतातून खाली केबिनमध्येच येते, तिच्या पायाशी आमचा देव. किनाऱ्यावर डिझेल बंद झालं तेव्हा इंजिन काढून विजेची मोटर बसवली. गॅस गेला, इंडक्शन आलं. भिंतीवर विषारी वायूची सूचना देणारी एक लाल डबी होती, तीही काढली. नियमच तसा झाला होता, ज्या बोटीवर काही जळतच नाही तिथे डबी हवी कशाला? आम्हालाही ते पटलं.

मग उन्हाळे असे चढले, की डिसेंबरातसुद्धा पाहुणे केबिनमध्ये पाच मिनिटं टिकेनात. म्हणून दोन वर्षांमागे केबिन पक्की बंद करून घेतली. फटी बुजवल्या, छतावरचे वाऱ्याचे भोंगे झाकले, दरवाजाला रबर लावलं आणि छोटा एसी बसवला. सूर्याच्या विजेवर चालायचा बिचारा, त्यामुळे आतलीच हवा गार करून आतच फिरवायचा. गारवा मस्त झाला.

आणि वास सुरू झाला.

काय सांगू तुम्हाला! सडलेलं अंडं, ओलं गोणपाट आणि त्यात कुठेतरी संडास. मी बाक उचकटून घासले, गाद्या उन्हात टाकल्या, व्हिनेगर झालं, लिंबू झालं, सोडा झाला. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तांडेलांना सांगावं तर ते दोन्ही हात वर करणार. "माका काय येणा नाय." पाहुण्यांना तो बोटीचाच वास वाटायचा. म्हणजे मीच खोटी! एक दिवस माझं डोकं फिरलं. "एक तर हा वास राहील, नाहीतर मी," असं म्हटलं आणि उशी काखेत मारून धक्क्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला गेले. मला वाटलं, चार दिवसांत येतील मागे मागे. कसले येतात! तांडेल बोट सोडून झोपत नाही म्हणे. मग रोज सकाळी मी भाकरी आणि चहाचा थर्मास घेऊन बोटीवर जायची, नाकाला पदर लावून केबिनमध्ये डोकवायची आणि वर येऊन कडेला बसायची. नवराबायकोचा संसार असा धक्क्यावर आणि पाण्यावर विभागला गेला.

त्याच हंगामात तांडेल विसरायला लागले.

आधी किल्ल्या. मग आमच्या लेकीला, मृणालला, फोनवर आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. डोकं दुखतं म्हणायचे. सकाळी मी गेले की माझ्याकडे असे बघत बसायचे, जणू मी कुठलं तरी गिऱ्हाईक आहे. एकदा दोरीला गाठ मारताना हात अर्ध्यात थांबले. ज्या माणसाने झोपेतसुद्धा ती गाठ मारली असती, तो दोरीकडे बघत उभा. आणि मग एक दिवस, आठ पाहुणे बोटीवर असताना, खाडीच्या तोंडाशी त्यांनी बोट सरळ वाळूवर घातली. तिथे तीन खडक आहेत. सासू, सून आणि कासव. त्यांना लहानपणापासून पाठ. पण त्या दिवशी सासू कुठली आणि सून कुठली, तेच त्यांना आठवेना. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले. घरात शेगडी, गिझर, असं काही जळतं का, हेही विचारलं. घरी विजेची शेगडी, बोटीवर विजेची शेगडी. "काहीच जळत नाही," असं मी, तांडेल आणि पुण्याहून आलेली मृणाल, आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी. एकटं ठेवू नका." पण झोपायला तांडेल बोटीवरच जायचे, ऐकायचेच नाहीत.

मृणाल पुण्याला असते. पोरगी हुशार आणि हळवी, पण ठरवलं की ठरवलं. तिने तिथे अशा माणसांसाठीच्या एका निवासात बाबांची जागा धरली, माझी शेजारच्या खोलीत. "आई, समुद्रावर एकटे असताना काही झालं तर?" ती म्हणाली. म्हणजे 'अबोली' विकायची. गोव्याचं एक गिऱ्हाईक मिळालं. महिनाअखेरीला बोट त्यांची आणि तांडेल पुण्याला. तांडेलांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी विसरले. पुन्हा सांगितलं, पुन्हा मान हलवली. दर वेळी नव्याने ऐकायचे आणि दर वेळी तोंड तेवढंच उतरायचं. माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

आता हल्ली बोट विकायची म्हणजे केबिनच्या हवेचा दाखला लागतो. त्यासाठी रत्नागिरीहून अल्फिया होडेकर आली. तिशीच्या आतबाहेरची, ओढणी कमरेला खोचलेली, पाठीवर भलीमोठी पेटी.

"काकू, वासाचा त्रास कधीपासून?" चढता चढता तिने विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? धक्क्यावरच कळलं की!"

त्या क्षणी ती पोरगी मला पोटच्या लेकीसारखी वाटली. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मी खरी आहे असं म्हटलं होतं.

पेटीतून तिने जे काढलं, ते कासवाएवढं यंत्र होतं. खाली रबरी पाय, पुढे दोन बारीक सोंडा. त्याचं कंपनीचं नाव लांबलचक होतं. अल्फिया त्याला 'नाकोबा' म्हणायची.

तांडेल वरच्या बाकावर उन्हात बसले होते. नुकतेच उठून वर आले होते. "खयची गो तू?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिनेही तेवढ्याच गोडीने पुन्हा सांगितलं. मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, ती समजली.

"वास म्हणजे काय काकू, हवेतले कण," नाकोबाला केबिनमध्ये सोडताना ती म्हणाली. "कुठल्याही वस्तूतून सुटतात, आपल्या नाकात शिरतात. ह्याच्या सोंडेत केसाहून बारीक शेकडो तंतू आहेत. प्रत्येकावर वेगळं प्रथिन. किड्यांच्या मिशांवर जे असतं ना, त्याची प्रयोगशाळेत केलेली नक्कल. कण चिकटला की त्या तंतूतली वीज किंचित बदलते. कुठले तंतू जागे झाले, त्यावरून हा ओळखतो की हा हिंग की हा फिनेल."

"ते मीही ओळखते. आहे कुठे, ते सांगेल का?"

"म्हणून तर सोंडा दोन. वास डावीकडे आधी पोचला की उजवीकडे, ते बघत बघत तो पुढे सरकतो. शिवाय हवा कशी फिरते त्याचा नकाशा करतो. तुमचा एसीसुद्धा आता तोच चालूबंद करणार. मुंगी साखर शोधते, तसं चालतं ह्याचं काम."

नाकोबा बाकाखाली गेला, भिंतीवर चढला, ओट्यावरून फिरला. जे सापडेल ते मोठ्याने बोलायचा. "लाकडी तेल. ओला कापूस. कांदा." मग उघड्या दारातून वाऱ्याची झुळूक आली, तसा म्हणाला, "भाजलेला बांगडा. बाहेरून. दूर."

तांडेल एकदम ताठ बसले. "खय? कोण भाजता?"

"त्या टोकाच्या घरात," मी म्हटलं. मला तो केव्हाच आला होता.

"ओली माती. पिकलेला पेरू. तेही बाहेरून," नाकोबा म्हणाला.

तांडेल हसले. कित्येक महिन्यांनी हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यां मशीन बरे वास पण सांगता गो."

बघा! स्मरणशक्ती गेली, पण टोमणा मारायची शक्ती शाबूत. मी हसले खरी, पण ते वाक्य मला आत कुठेतरी लागून राहिलं.

वासाचे चोर मग भराभर सापडले. पहिला, बाकाखालच्या खणात तांडेलांनी लपवलेली सुक्या जवळ्याची पिशवी. दुसरा, संडासात समुद्राचं पाणी ओढणारी नळी. पाण्याबरोबर बारीक शेवाळ येतं, नळीत साचून मरतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. तिसरा मात्र मला पटेना. संडासाच्या टाकीकडे जाणारा जाड पाइप. बाहेरून कोरडा, स्वच्छ, एक थेंब गळत नव्हता.

"ह्यातून कसा येईल? मी रोज पुसते की."

अल्फियाने फडकं गरम पाण्यात पिळलं, पाइपाला गुंडाळलं आणि थोड्या वेळाने काढून माझ्यापुढे धरलं. "घ्या, तुमच्या नाकाने तपासा."

मी हुंगलं. शी शी शी! मी फडकं लांब ढकललं. पाइपाचं रबर जुनं झालं की त्याच्या अंगातूनच वास झिरपतो म्हणे, पाणी गळत नाही तरी. बोट उघडी होती तोवर वाऱ्यावर जायचा. फटी बुजवल्या आणि तो आत कोंडला.

"म्हणजे नळी बदला, पाइप बदला, भोंगे उघडा. संपलं," अल्फिया म्हणाली. "ह्यातलं काहीही जिवावरचं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढंसं होतं? ह्यासाठी मी दोन वर्षं वेगळी झोपले? आणि आता वास जाणार, तर बोटही जाणार.

अल्फिया पेटी आवरायला लागली. पण नाकोबा परत येईना. तो पायऱ्या चढून वर आला होता आणि तांडेलांच्या पायाशी थांबला होता. दोन्ही सोंडा त्यांच्या तोंडाकडे वळलेल्या.

"स्रोत चौथा," तो म्हणाला. "माणूस."

"म्हणजे काय?" मी विचारलं. "रोज आंघोळ करतात हो ते!"

अल्फिया हसली नाही. तिने हातातल्या पडद्यावर बघितलं, मग तांडेलांना दीर्घ श्वास सोडायला लावला, मग पुन्हा एकदा. "काका, सिगारेट ओढता?"

"कधीच नाही," मी म्हटलं.

"काकू, ह्यांच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड आहे. बराच."

ती माझ्या शेजारी बसली आणि सावकाश सांगायला लागली. ह्या वायूला वास नाही, रंग नाही. आपल्या नाकाला तो कळतच नाही. नाकोबाला कळतो, कारण वास येणारे आणि न येणारे असा भेद त्याच्याकडे नाही, त्याला सगळे कणच. रक्तातला लाल पदार्थ फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतो. हा वायू त्या प्राणवायूच्याच जागेवर येऊन बसतो, आणि असा घट्ट बसतो की उठायला तासन् तास लागतात. तेवढा वेळ मेंदूला प्राणवायू कमी. एका दिवसाने डोकं दुखतं. रोज रोज झालं तर माणूस सुस्त होतो, गोंधळतो. विसरायला लागतो.

शेवटचा शब्द ऐकला आणि मी तांडेलांकडे वळून बघितलं.

"पण कुठून येईल?" मी म्हटलं. "बोटीवर जळत काहीच नाही!"

नाकोबा पुन्हा खाली गेला होता. डोलकाठीच्या पायाशी, देवासमोर, तो थांबला. "राख. नारळाची करवंटी. ऊद."

धुपाटणं!

अहो, संध्याकाळी बोटीवर देवापुढे ऊद घालायचा, ही तारींच्या घरातली पिढ्यान् पिढ्यांची रीत. वर मोकळ्या हवेत करवंट्या पेटवायच्या, धूर संपून लालभडक निखारे झाले की धुपाटण्यात भरायचे, खाली देवापुढे ठेवायचे आणि वर चिमूटभर ऊद टाकायचा. डॉक्टरांनी विचारलं काही जळतं का, तेव्हा आम्हा तिघांपैकी एकालाही धुपाटणं आठवलं नाही. सकाळी उदाचा वास यायचा खरा, पण त्या घाणीत मला तो नेहमीएवढाच वाटायचा. धुपाला कोणी जळण म्हणतं का? ती पूजा झाली!

"रोज करता तसंच करून दाखवा काका," अल्फिया म्हणाली.

तांडेलांनी केलं. हातांना सगळं नीट आठवत होतं. निखारे फुलवले, धुपाटण्यात भरले. एक पळी, दुसरी पळी, तिसरी. मी बघतच राहिले. सासरे चार निखाऱ्यांवर भागवायचे, आणि हे धुपाटणं काठोकाठ भरत होते. ऊदही ओंजळभर. मग खाली नेऊन ठेवलं, वर आले आणि केबिनचा दरवाजा घट्ट ओढून घेतला.

"दार का लावलंत?" अल्फियाने विचारलं.

"वास भायर जाता मगे," तांडेल म्हणाले. वास बाहेर जाईल म्हणून.

आम्ही तिघं उन्हात बसलो. नाकोबा एकटा आत. पडद्यावर त्याचे शब्द येत होते. ऊद, करवंटी, ऊद. आणि त्याखाली एक पट्टी चढत होती. हिरवी होती ती पिवळी झाली, नारिंगी झाली. लाल झाली आणि चढतच राहिली. ह्या हवेत माझा नवरा रोज झोपायला जात होता. पाहुणे असले की दार सारखं उघडं असायचं, म्हणून ते वाचले. केबिन उघडी होती तेव्हा हा वायू फटीफटीतून निघून जायचा, म्हणून सासऱ्यांना आणि त्यांच्या वडिलांना कधी काही झालं नाही. आम्ही गारव्यासाठी फटी बुजवल्या.

मला राग आवरेना. "पण एवढा कशाला? तुम्हाला स्वतःला तर वास येत नाही! ओंजळभर ऊद कोणासाठी?"

तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती त्या नजरेत, खरंच सांगते. एखाद्या परक्या बाईला समजवावं तसे ते मला म्हणाले, "ती सकाळी येता ना. तिका केबिनात वास येता, म्हणान ती ऱ्हवणा नाय. बरो वास इलो तर ऱ्हवात."

ती सकाळी येते ना. तिला वास येतो, म्हणून ती राहत नाही. चांगला वास आला तर राहील.

मी तिथेच ढसाढसा रडले. अल्फियाने एका हाताने माझा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने रुग्णवाहिकेला फोन लावला.

इस्पितळात त्यांना तोंडावर मास्क लावून प्राणवायू दिला. मृणाल पुण्याहून धावत आली. सगळं ऐकून डॉक्टर स्वतः खुर्ची ओढून बसले. "विष निघून जाईल," ते म्हणाले. "पण मेंदूने जे सोसलंय, त्यातलं किती भरून येईल ते आज नाही सांगता येत. काहींचं बरंच येतं. काहींचं नाही. तीन महिने बघू." गोव्याच्या गिऱ्हाइकाला मी फोन केला. तो भला माणूस, थांबतो म्हणाला.

मृणाल मला व्हरांड्यात घेऊन गेली. "आई, तीन महिने मीही वाट बघते. पण मग बाबांनी खाडीच्या तोंडातून बोट स्वतः बाहेर काढून दाखवायची. जमलं तर 'अबोली' राहील, तुम्ही दोघं इथेच राहा. नाही जमलं तर तू हट्ट करायचा नाहीस."

"कबूल," मी म्हटलं. पोरीचं चुकत नव्हतं. वाळूवर बोट चढली तेव्हा त्या आठ जणांत दोन लहान मुलं होती.

ते तीन महिने तांडेल माझ्याजवळ, धक्क्यावरच्या खोलीत राहिले. खिडक्या सताड उघड्या. पहिल्यांदा डोकेदुखी गेली. मग सकाळची ती परकी नजर गेली. एका सकाळी चहाचा घोट घेऊन कप माझ्याकडे परत देत म्हणाले, "साखर कमी झाली गो नूतन," आणि मी कप हातात धरून उभीच राहिले. कित्येक महिन्यांनी माझं नाव त्यांच्या तोंडून आलं होतं. मी आणखी दोन चमचे साखर घातली, प्यायलाच नको इतका गोड केला, आणि त्यांनी तो तळापर्यंत संपवला.

पण सगळं सुरळीत नव्हतं. गाठी आल्या, पण काही नावं आली नाहीत. मधेच एखादा दिवस पुन्हा धुकं यायचं. आजारपणातले कितीतरी महिने तर कोरेच राहिले. "सासू कुठली?" असं मी मुद्दाम विचारायची नाही. भीती वाटायची.

तोवर अल्फियाने माणसं पाठवून पाइप आणि नळी बदलून दिली. भोंगे उघडले. लाल डबी पुन्हा भिंतीवर लागली. नियमाची गरज नसू दे, मला आहे. अल्फिया म्हणाली, "नाकोबाची धाकटी आवृत्ती बसवून घ्या काकू. दोघांच्या श्वासावर लक्ष ठेवेल, साखर वाढली, फुप्फुस बिघडलं तर आधीच मृणालला कळवेल." मृणालला ते फार आवडलं. मी रात्रभर विचार केला आणि नको म्हटलं. नाकोबाचे उपकार मी ह्या जन्मात विसरणार नाही. दुरुस्ती झाल्यावर पहिला नारळ मी त्याच्यापुढे फोडला, अल्फिया पोट धरून हसली. पण म्हणून मी काय खाल्लं आणि तांडेलांनी काय प्यायलं, ते रोज पुण्याला कळायला नको. विषाची खबर द्यायला डबी आहे. बाकीच्या वासांना मी आहे.

मार्चात मृणाल आली. सकाळची भरती, वारा बेताचा. तांडेल सुकाणूवर, मृणाल त्यांच्या शेजारी, मी केबिनच्या दारात. दोघींनी शब्दही बोलायचा नाही, असं ठरलेलं. खाडीचं तोंड जवळ आलं. "ही सासू," तांडेल आपल्याशीच म्हणाले. "ही सून." मी श्वास सोडला. पण कासवाकडे आल्यावर त्यांनी शीड सैल केलं आणि बोट थांबवली. नेहमी जायची ती वाट समोर होती. ते नुसते बघत उभे राहिले. बघतच राहिले. मृणालने माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते. माझ्या ओठांवर आलं, 'अहो, कासवाच्या उजवीकडून.'

"बाबा..." मृणालने तोंड उघडलं.

"गप रव," तांडेल म्हणाले. "पाणी वाचतंय."

मग त्यांनी कासवाच्या डावीकडून, कधीच न जाणाऱ्या बाजूने, बोट वळवली. उजवीकडच्या वाटेवर पाण्याचा रंग पिवळसर दिसत होता. मधल्या तीन महिन्यांत वाळू सरकून नेहमीच्या वाटेवरच येऊन बसली होती. मी बोलले असते आणि त्यांनी ऐकलं असतं, तर आम्ही पुन्हा वाळूवर बसलो असतो. 'अबोली' अलगद बाहेर आली, मोकळ्या समुद्राचा वारा शिडात भरला, आणि मृणाल बाबांच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. तिने तिथूनच पुण्याला फोन करून जागा सोडली. गोव्याला मी फोन केला.

परतताना मी तांडेलांना विचारलंच. "तो एवढा ऊद तुम्ही माझ्यासाठी घालत होता. आठवतं?"

"मी?" ते म्हणाले. "तुझ्यासाठी? काय तरी काय! मच्छरांसाठी घातलो असतलंय."

खरंच आठवत नव्हतं की लाज वाटत होती, देव जाणे. मी वाद घातला नाही. मी ऐकलं होतं, आणि माझ्याजवळ साक्षीदार होती.

संध्याकाळी मृणाल पुण्याला परत गेली. मी धक्क्यावरच्या खोलीतून माझी उशी आणली आणि केबिनमध्ये बाकावर टाकली. तांडेलांनी ती बघितली. त्यांनी चार निखारे फुलवले. चारच. धुपाटणं खाली नेलं नाही. बोटीच्या पुढच्या टोकाला, उघड्या वाऱ्यावर ठेवलं आणि चिमूटभर ऊद टाकला.

"येता काय गो वास?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"कसलो?"

एरवी मी एका शब्दात संपवलं असतं. पण वीस वर्षं ज्याला कसलाच वास आला नाही, त्याला मी आजवर फक्त घाणच सांगत आले होते. मी जवळ जाऊन बसले. "उदाचा आहे," मी म्हटलं. "त्यात करवंटीचा थोडा. खालून नव्या पाइपाच्या रबराचा येतोय. वाऱ्यावर सुरंगी आहे, कोणाच्या तरी वेणीतली. आणि टोकाच्या घरात आज पण बांगडाच आहे."

"ह्येंका दुसरा काय गावणा नाय काय?" तांडेल म्हणाले आणि डोळे मिटून बसले. "सांग, आणखी सांग."